गिअरची मूठ

आहुप्याहून खाली उतरताना गिअरचा नॉब उपटून माझ्या हातात आला. मागं माणसं कोंबून बसलेली, त्यांच्या पायांत तांदळाची पोती, आन् पोत्यावर चिमाबाईचा बोकड. पुढं वळण, खाली धरणाचं पाणी. मी नॉब मांडीवर टाकला आन् उघड्या दांड्याला धरूनच दुसरा गिअर टाकला. दांड्याच्या आट्यांनी तळवा सोलून निघाला, पण गाडी धरली.

चिमाबाई मागनं म्हणाली, "बाळासाहेब, गाडीचं मुंडकंच उपाटलं की राव."

सगळी हसली. हसा म्हणलं. ह्या लोकांना आपण जिवंत खाली पोचतोय का नाय ह्याचं काय पडलेलं नसतं. बोकड तेवढा गप व्हता, त्याला बहुतेक कळलं असावं.

नॉब म्हणजे नुसतं नाव उरलं व्हतं. उभा तडा गेलेला, वरचे गिअरचे आकडे केव्हाच पुसलेले. आतले आटे झिजलेले, म्हणून मी चिंधी कोंबून बसवायचो. तड्यात तळव्याची कातडी चिमटायची. सायकलची ट्यूब गुंडाळून बघितली, तर ती उन्हानं अशी चिकट व्हायची की हात धुवायला पाणी नाय पुरायचं. जो तो शहाणपणा शिकवायचा, अहो बाळासाहेब, एवढासा तो नॉब, बदलून टाका की. मी म्हणायचो, बघू. खरं सांगायचं तर मुद्दामच बदलत नव्हतो. गाडी विकायची नाय असा शब्द मी दिला व्हता, तिला नटवायचा शब्द दिला नव्हता. ब्रेक, टायर, जे नसलं तर माणसं मरतील तेवढं करायचो. बाकी ती जेवढ्या लवकर मोडीत निघंल तेवढं बरं, असं मनात धरून मी नऊ वर्षं ती जीप हाकली. ती मोडली असती तर माझा शब्द बी आपोआप सुटला असता. पण मिलिटरीच्या लिलावातनं निघालेली गाडी, तिला मरणच नव्हतं.

शब्द कोणाला दिला ते सांगतो.

आमचं गाव डिंभ्याच्या अलीकडं. बाप लवकर वारला. मी पिंपरीला कंपनीत लागलो आन् माझा धाकटा भाऊ संपत आईपाशी राहिला. त्यानं ही जीप घेतली आन् घोडेगाव ते आहुपे माणसं भरायला लागला. त्या अंगाला तवा एसटी दिवसातनं एखादी. संपत हसरा, सगळ्यांशी गोड. आहुप्याच्या म्हाताऱ्या त्याला पोटच्या पोरासारखं नाचणीची भाकर फडक्यात बांधून द्यायच्या. मला अजून कुणी दिली नाय. माझं तोंडच तसं आहे, माझी बायको मोहिनी म्हणते, कायम कुणीतरी पैसे न देता उतरल्यासारखं.

शहाण्णव साली संपत विहिरीवर मोटार चालू करायला गेला आन् शॉक लागून जागच्या जागी गेला. सव्वीस वर्षांचा. दुखणं नाय, खुपणं नाय, कुणाला काय सांगायला सवड नाय. मी पिंपरीहून आलो तवा त्याला अंगणात निजवला व्हता, आन् आई त्याच्या डोक्याखालची उशी परत परत सारखी करत व्हती.

दहावा घोडेगावला नदीच्या घाटावर केला. पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण खाली एक बी येईना. आता आमच्यात कावळा शिवला नाय म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी गुंतलंय असं धरतात. मग एकेकानं पुढं व्हायचं आन् हात जोडून त्याला सांगायचं, तुझं हे करू, ते करू, तू आता जा. आमी पण तसंच केलं. मी म्हणालो, आईला सांभाळतो. कावळा नाय. मामा म्हणाला, विहिरीचं काम पुरं करू. नाय. कुणीतरी हळूच म्हणालं, लग्न राहिलं पोराचं. आता ते कुठनं करणार? ऊन चढलं, पिंडाचा भात वरनं सुकायला लागला. मागची माणसं घड्याळं बघायला लागली. तवा बायकांतनं आईचा आवाज आला.

"बाळू, गाडी इकनार नाय म्हन. तू सोता चालवशील म्हन."

मी हात जोडले. म्हणालो, संपत, गाडी विकणार नाय, मी चालवतो, तू जा.

आन् कावळा आला. सरळ झाडावरनं उतरला, भाताला चोच मारली आन् गेला. लोकांनी सुस्कारा सोडला. संपतचा जीव गाडीत व्हता म्हणाले, आन् जेवायला उठले. एवढंच झालं. माझी पिंपरीची नोकरी त्या भाताबरोबर गेली.

मी पर्मनंट व्हायच्या यादीत व्हतो. काळेवाडीत खोली घेतली व्हती. मोहिनी तिथं मशीनवर ब्लाउज शिवायची, चाळीतल्या बायका नंबर लावायच्या तिच्याकडं. सगळं गुंडाळून गावी आलो. मशीन पण आणलं, पण गावात ब्लाउज शिवायला कोण येतंय, त्याच्यावर आता बाजरीचा डबा ठेवतात. मोहिनी बेल्ह्याची. तिचा बाप बाजारात बैलाचे दात बघून वय सांगायचा, आन् लेक माणसाला तसंच जोखते. पयली काही वर्षं ती काय बोलली नाय. मग बोलायला लागली. मग बोलायची थांबली, ते जास्त वाईट.

गेल्या दिवाळीला भाऊबीजेसाठी माहेरी गेली, हर्षालीला घेऊन. हर्षाली आमची पोरगी. दोघी परत आल्याच नाय. मी आणायला गेलो तर मोहिनीनं पाट टाकला, कप पुढं केला आन् म्हणाली, "घ्या पावणं, चहा घ्या." नवऱ्याला पावणं म्हणते. घरातली सगळी खाली माना घालून हसत व्हती. मला हसू आलं नाय.

मग उठून निघालो तवा रस्त्यापर्यंत आली आन् सरळ सांगितलं. "माझ्या चुलतभावाकडं जीपला गिऱ्हाईक हाय. इका ती. पारगावला कारखान्यावर डायवर घेतायत, तिथं खोली करू. आईंना बी संगं नेऊ, मी कुठं नाय म्हणते? जूनपत्तुर वाट बघते. जूनला हर्षालीचं नाव हितल्या शाळेत पयलीत घालणार, आन् एकदा घातलं का मग मी मागं यायची नाय."

"मोहिनी, शब्द दिलाय मी."

"मेलेल्याला दिलाय," ती म्हणाली. "जित्या माणसाला दिलेला कुठं गेला?"

तिचं खरं व्हतं. पण गाडी विकायची म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं तो घाट यायचा. विकली आन् संपत परत कुठंतरी अडकला तर? हसू नका. तुमी घाटावर हात जोडून बोला, कावळा तुमच्या बोलण्यासरशी खाली येऊ द्या, आन् मग सांगा मला. ह्याच तिढ्यात मे महिना उजाडला, निम्मा सरला, आन् नॉब उपटून हातात आला.

माणसं घोडेगावात उतरवली, बोकडासकट, आन् जीप गेणभाऊच्या गॅरेजला लावली. गेणभाऊ संपतच्या वेळपासनं ह्या गाडीचा मिस्त्री. ह्याचं तोंड सारखं चालू, आन् हात त्याच्या निम्म्या वेगानं.

"आलास शेवटी?" तो म्हणाला. "मला वाटलं आता दांडाच घरी नेतोस. काय तो हात बघ, सोललाय सगळा."

"कसला बी एक नॉब घाल. मोडका चालंल."

"मोडका कशाला? तुझ्या गाडीचा नवा पडलाय माझ्याकडं." असं म्हणून तो आत गेला. डबे उचकल्याचा आवाज येत राहिला. मग एक तेलकट पिशवी झटकत बाहेर आला. आतनं नॉब निघाला, काळाभोर, पांढऱ्या आकड्यांचा. त्यानं तो दांड्यावर फिरवला. एकेक आटा धरत गेला, शेवटी घट्ट बसला. चिंधी नको, काय नको.

"बघ. बसणारच की. ह्याच गाडीचं माप घेऊन आणलेला."

"कवा आणलास?"

"मी कुठं आणला? संपतनं पुण्याहून मागवला. म्हणाला, गिऱ्हाईक बघायला येणार हाय, फुटका नॉब दिसला का पावणं उगी नाक मुरडतंय. येतो एक-दोन दिवसांत बसवायला, म्हणाला, आन् मग..." गेणभाऊचं तोंड बंद झालं. मी त्याला एवढ्या वर्षांत पयल्यांदा गप झालेला बघितला.

"कसलं गिऱ्हाईक?"

"जाऊ दे ना बाळासाहेब. झालं ते झालं."

"गेणभाऊ, बोल. नायतर हा पाना डोक्यात घालीन."

त्यानं फडक्याला हात पुसले. नुसते पुसतच बसला. "गाडीला गिऱ्हाईक. विकणार व्हता तो. कंटाळला व्हता ह्या रस्त्याला, पाठ दुखायची त्याची. दादाकडं पिंपरीला जातो म्हणायचा, दादा कंपनीत चिकटवणार हाय. तुला बोलला नव्हता व्हय?"

बोलला व्हता. एकदा, गणपतीत मी गावी आलो व्हतो तवा. मी म्हणालो व्हतो, ये, बघू. असं आपण दहा जणांना म्हणतो.

"आन् दहाव्याला तू तिथंच व्हतास की," मी म्हणालो. "माझ्या मागं उभा. तोंड शिवलं व्हतं तुझं?"

"मी बोलणारच व्हतो रे. तू गाडी विकणार नाय म्हणालास तवा माझ्या मनात आलंच, हे कसं काय? पण तेवढ्यात कावळा शिवला. सगळ्या गावानं बघितलं. मी म्हणलं, मेल्यावर मन बदललं असंल संपतचं. कावळ्यापुढं मी कोण बोलणारा?"

आता ह्याला काय म्हणावं? शिव्या द्याव्यात म्हणून तोंड उघडलं, पण त्याच्या जागी मी असतो तर मी बी तेच धरलं असतं. मी गाडी चालू केली आन् निघालो. माणसं भरलीच नाय. लोक हात करत व्हते, मी थांबलो नाय.

नवा नॉब हातात गच्च बसत व्हता. गिअर लोण्यातनं जावा तसा पडत व्हता. तळव्याला बरं वाटत व्हतं आन् त्याचाच मला संताप येत व्हता. संपतला माझ्याकडं यायचं व्हतं, आन् मी त्याच्या नावानं त्याच्याच रस्त्यावर येऊन बसलो. तो मेला नसता तर आमी दोघं पिंपरीत असतो. तो मेला, आन् मी हितं. ह्यात कुणाचं भलं झालं ते मला काय केल्या सापडंना.

एक गोष्ट मात्र चांगली झाली व्हती. शब्द सुटला व्हता. संपतनं असलं काय मागितलंच नव्हतं, मग मी बांधलेला कशाला? उद्याच्या उद्या बेल्ह्याला जाऊन गाडी देता येत व्हती, मोहिनीला आन् पोरीला घेऊन येता येत व्हतं. पण मधी आई व्हती. ती अजून सणासुदीला पयला घास संपतच्या नावानं पत्र्यावर ठेवते आन् म्हणते, माझं लेकरू सुखानं गेलं, त्याच्या मनासारखं झालं. तिच्याकडं तेवढंच शिल्लक हाय. गाडी का विकतोस असं तिनं विचारलं तर तिला खरं सांगावं लागणार, आन् खरं सांगितलं की ते बी जाणार. नाय सांगितलं तर माझी बायको-पोर जाणार. गावाच्या वेशीपर्यंत माझं ठरंना. एकदा ठरलं, सांगायचं नाय, खोटं काहीतरी सांगू, इंजिन गेलं म्हणू. मग परत वाटलं, आणखी किती खोट्यावर जगायचं?

आई ओट्यावर बाजरी निवडत बसली व्हती. चार वाजले असतील, ऊन उतरलं नव्हतं. तिला आता नीट दिसत नाय, खडे बोटानं चाचपून काढते.

"आज लवकर?" ती म्हणाली.

मी तिच्यापुढं बसलो. खोटं काय बोलायचं ते पाठ केलं व्हतं. ते तोंडात आलंच नाय.

"आई, संपत गाडी विकणार व्हता."

तिचे हात थांबले नाय. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला. "कोन म्हनलं?"

"गेणभाऊ. गिऱ्हाईक बी ठरलं व्हतं. पिंपरीला माझ्याकडं येणार व्हता तो."

मला वाटलं आता ही रडणार, ऊर बडवणार. मी जवळ सरकलो सुद्धा, तिला धरायला.

"मला म्हाईत हाय," आई म्हणाली.

मला आधी नीट ऐकूच आलं नाय. "काय म्हाईत हाय?"

"त्यो मला सांगत व्हता की. आये, गाडी इकतो आन् दादाकडं जातो, तू बी चल. म्या म्हनलं, म्या कुठं येऊ, जनावरं हायेत, रान हाय. मंग म्हनला, बरं तू ऱ्हा, आमी दोघं सणाला येत जाऊ." ती जरा थांबली. "दोघं सणाला येनार व्हते."

"मग घाटावर तू तसं का बोललीस?"

"कावळा येत नव्हता रं. भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायला बसला व्हता, म्या त्याचा हात धरला. म्हनलं, थांबा, माझं लेकरू असं गवतावर नका उरकू. पर त्याला काय पायजे ते मला बी कळंना. गाडी तर त्याला नकोच व्हती. मंग म्या मला काय पायजे ते बोलले." बाजरीत तिची बोटं नुसतीच फिरत व्हती. "एक तर गेला. दुसरा तेरावं उरकून पिंपरीला जानार. गाडी हितं राह्यली तर तू हितं ऱ्हाशील, येवढंच मला सुचलं. आन् तुझ्या तोंडातनं निघालं, आन् कावळा आला. मंग म्या बी म्हनलं, देवानंच कबूल केलं, मला कशाला पाप?"

मला त्या वेळी तिच्या हातातलं सूप घेऊन अंगणात भिरकावून द्यावंसं वाटलं. माझी नोकरी, मोहिनीचं मशीन, सहा महिने डोळ्याआड गेलेली पोर, सगळं ह्या म्हातारीच्या भीतीपायी. संपत कशातच गुंतलेला नव्हता. गुंतली व्हती ती, आन् तिनं गुंता माझ्या गळ्यात घातला. आन् वर कावळ्याची साक्ष.

"चिडलास?"

"नाय."

"चीड की. म्या कुठं नको म्हनते." तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम व्हता का रडणं ते मला कळलं नाय. "मोहिनी का गेली त्ये मला कळत नाय व्हय? दिवाळीपासनं रोज म्हनते, आज सांगते, उद्या सांगते. मंग तू येतोस, हातपाय धुतोस, जेवाय बसतोस. वाटतं, सांगितलं का ह्यो जानार. मंग म्हनते, आजच्या दिस जेवू दे."

शेजारच्या कुशाबाईनं कुंपणावरनं डोकावून विचारलं, गाडी आज बंद का? मी हातानंच तिला वाटेला लावलं.

"इक गाडी," आई म्हणाली. "बेल्ह्याला जा. पोरीला हितल्या नाय तर तिथल्या शाळंत घाल, पर तुझ्यासंगं ऱ्हाऊ दे."

"आन् तू?"

"म्या हाय की हितं."

तू बी चल, असं मी म्हणायला पाहिजे व्हतं. मोहिनीनं तसं सांगितलं बी व्हतं. साधे तीन शब्द, संपत म्हणाला व्हता, मला म्हणता येईनात. त्यांच्या ऐवजी जे आलं ते असं की माझं मलाच नंतर तोंड दाखवावंसं वाटलं नाय.

मी म्हणालो, "तुझ्या दहाव्याला कावळा आला नाय तर मी काय बोलायचं, ते बी आत्ताच सांगून ठेव."

आईनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघायचा प्रयत्न केला, पण तिला नीट दिसत नाय, ती माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत राहिली. रागावली नाय. उलट, उद्या बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तसं सावकाश सांगितलं.

"काय बोलू नगंस. कुनाला काय कबूल करू नगंस, लोक किती बी म्हनले तरी. दर्भाचा कावळा शिवीव, आन् पोरीकडं, तुझ्या घरी जा."